रांग कुठे उभी राहील, हे ठरवतं कोण?

मुंबई–गोवा महामार्गाचा विषय निघाला की बोलणं खड्डे, ठेकेदार आणि नवी मुदत यांच्यातच घुटमळतं. त्यात नवल नाही. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं; तेव्हा पहिलीत बसलेल्या पोराच्या खिशात आता वाहन परवाना आहे. पण रस्ता आज ना उद्या पुरा होणारच. मला काळजी आहे ती पुऱ्या झालेल्या रस्त्याची. चार पदरांवरून ऐंशीच्या वेगाने सुटलेली गाडी शेवटी कुठेतरी उतरणार आहे: वडखळला अलिबागसाठी, माणगावात श्रीवर्धनसाठी, बहादूरशेख नाक्यावर गुहागरसाठी, हातखंबा तिठ्यावर रत्नागिरीसाठी. ती उतरते तिथल्या दोन-तीनशे मीटरांत वरचा रस्ता एकाचा, खालचा दुसऱ्याचा, सर्व्हिस रोडची देखभाल तिसऱ्याची आणि सिग्नल, असलाच तर, चौथ्याचा. हे चौघे एकमेकांशी बोलत नाहीत. सगळी कोंडी या अबोल्यातून येते असं मी म्हणणार नाही, पण सहा पदर केले तरी न सुटणारी जी कोंडी आहे, ती यातून येते.

उड्डाणपुलाखाली नेमकं काय होतं ते पाहू. महामार्ग वरून जातो, गावचा रस्ता खालून. पुलाच्या दोन्ही अंगांना सर्व्हिस रोड. वरून उतरणारी गाडी रॅम्पने सर्व्हिस रोडला येते आणि तिथून गावच्या रस्त्याला वळते. नकाशावर हा एक नाका दिसतो, जमिनीवर मात्र दोन चौक होतात: पुलाच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मोठ्या इंटरचेंजला, म्हणजे महामार्गावरून चढण्या-उतरण्याच्या जागेला, या दोहोंत दीडशे-दोनशे मीटर मिळतात. आपल्याकडे जमीन कमी, त्यामुळे कित्येक ठिकाणी पन्नास-साठ मीटरच. साठ मीटरांत एका लेनला आठ-नऊ मोटारी मावतात. त्यात एक एसटी आणि जांभ्या चिऱ्यांचा एक ट्रक शिरला की चार-पाचच.

आता हिशेब करा. सिग्नल हिरवा झाला की पहिल्या गाडीला गिअर टाकून हलायला दोन-तीन सेकंद लागतात. त्यानंतर भरल्या रांगेतून एक लेन साधारण दर दोन सेकंदांना एक मोटार सोडते. तीस सेकंदांच्या हिरव्यात चौदा मोटारी सुटल्या. पुढचा सिग्नल त्या वेळी लाल असेल, तर आठ मावतील अशा जागेत चौदा आल्या. उरलेल्या सहा कुठे? चौकाच्या मधोमध. मग आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होतो, पण गाड्यांना पुढे सरकायला जागाच नाही. त्यांचा हिरवा हॉर्न वाजवण्यात संपतो. पुढच्या फेरीला त्यांची रांग दुप्पट. दुचाकीवाले फटींतून पुढे सरकतात, मिनीडोरवाला उजवीकडच्या लेनमध्ये तोंड घालतो, आणि समोरून येणाऱ्याची वाटही बंद होते. पाच-सहा फेऱ्यांत रांग रॅम्पवर चढते आणि रॅम्पवरून थेट महामार्गाच्या धावत्या लेनवर.

इथे गैरसोय संपते आणि जिवाचा प्रश्न सुरू होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत १२० मीटर लागतात असं धरून आपल्याकडे रस्ते आखले जातात. १०० च्या वेगाला १८० मीटर. कोकणातल्या जुलैमध्ये, पन्नास मीटरांपलीकडचं दिसत नाही अशा पावसात, वळण घेतल्याबरोबर समोर थांबलेल्या गाडीचे लाल दिवे दिसले तर ब्रेक मारून काय होणार? अपघात झाला की बातमीत वेग येतो, चालकाचा डुलका येतो. रॅम्पखालच्या सिग्नलची वेळ कुणी विचारत नाही.

गर्दीच्या वेळी रांग लागणारच. ती नाहीशी करतो असं सांगणारा नेता असो की यंत्र विकणारी कंपनी, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. १९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेबस्टर यांनी सिग्नलची एक पूर्ण फेरी किती सेकंदांची असावी याचं सूत्र मांडलं. आजही जगभर तेच शिकवतात. त्या सूत्राचा एक गुण असा, की चौकात येणाऱ्या गाड्या चौकाच्या कुवतीएवढ्या झाल्या की उत्तर अनंताकडे जातं. म्हणजे कितीही मोठी फेरी दिली तरी रांग हटत नाही. चतुर्थीच्या आदल्या रात्री माणगावात हेच होतं. तेव्हा आपल्या हातात उरतं ते एवढंच: रांग कुठे उभी राहील हे ठरवणं. महामार्गाच्या धावत्या लेनवर ती कधीच नको. दोन सिग्नलांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत नको, कारण तिथली एक अडलेली गाडी चारही दिशा अडवते. रॅम्पवर चालेल, पण ठरावीक खुणेपर्यंत. गावच्या रस्त्यावर चालेल, पण बाजारपेठेच्या आणि शाळेच्या अलीकडे. आज हे कुणीच ठरवत नाही, म्हणून ते आपोआप ठरतं, आणि आपोआप ठरतं तेव्हा रांग सर्वांत वाईट जागी जाऊन उभी राहते.

सिग्नल एकमेकांशी जुळवणं म्हणजे मुळात हे ठरवणं. तंत्र त्यामानाने सोपं आहे आणि नवंही नाही. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये १९१७ मध्येच सहा चौकांचे दिवे एका जागेवरून चालवले जात होते. पहिली अट, दोन्ही सिग्नलांची फेरी सारख्याच सेकंदांची हवी. एकाची ९० आणि दुसऱ्याची ११० असेल तर त्यांचं नातं प्रत्येक फेरीला बदलतं. एकदा गाडी सरळ निघून जाते, पुढच्या वेळी तोंडावर लाल. दुसरी गोष्ट, पहिला हिरवा झाल्यावर किती सेकंदांनी दुसरा हिरवा व्हायचा, तो फरक. याला ऑफसेट म्हणतात. रस्ता मोकळा असेल तर हिशेब सरळ: ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, दोनशे मीटरांसाठी अठरा सेकंद, तर पुढचा सिग्नल अठरा सेकंदांनी उघडा.

पण पुढे आधीच रांग उभी असेल तर हाच हिशेब उलटा करावा लागतो, आणि इथे भले भले चुकतात. मागच्या गाड्या पोचायच्या आत पुढची रांग हलायला हवी, म्हणून पुढचा सिग्नल मागच्याच्या बरोबरीने किंवा त्याच्याही आधी हिरवा करावा लागतो. वाडीत शिंपणं करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाट तुंबला की तो खालच्या टोकाचं आळं आधी मोकळं करतो. वरून पाणी सोडत राहिलं तर बांध फुटतो.

डायमंड इंटरचेंजसाठी, म्हणजे जिथे फ्रीवेचे रॅम्प खालच्या रस्त्याला दोन जागी मिळतात तिथे, टेक्सासमध्ये एक पद्धत अनेक दशकांपासून रूढ आहे. दोन्ही चौक एकाच कंट्रोलरवर, म्हणजे दिव्यांच्या वेळा चालवणाऱ्या एकाच यंत्रावर, ठेवायचे. बाहेरून येणाऱ्या चार दिशांना, म्हणजे दोन रॅम्प आणि खालच्या रस्त्याची दोन टोकं यांना, एकामागून एक पाळी द्यायची. आणि ज्याची पाळी आहे त्याला दोन्ही चौक सलग मोकळे ठेवायचे, जेणेकरून पुलाखाली कुणी थांबणारच नाही. एका दिशेच्या गाड्या पहिल्या चौकातून दुसऱ्यापर्यंत जायला जे काही सेकंद घेतात, तेवढ्यात पुढच्या दिशेला सुरुवात करून देतात. फेरी थोडी लांबते, बाहेर थोडं जास्त थांबावं लागतं, पण मधली जागा रिकामी राहते. शिवाय रॅम्पच्या वरच्या टोकाला एक संवेदक असतो. रांग तिथवर आली की बाकीच्यांचा हिरवा तोडून रॅम्पला हिरवा द्यायचा. हायवेवर माणूस मरू नये यासाठी बाजाराच्या रस्त्याने वीस सेकंद जास्त थांबावं, हा निर्णय तिथे यंत्रात लिहून ठेवलेला असतो. आपल्याकडे तो कुठेच लिहिलेला नाही.

तिथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. रॅम्पचे सिग्नल बहुधा राज्याच्या वाहतूक खात्याकडे आणि शंभर-दोनशे मीटर पुढचा शहरातला सिग्नल नगरपालिकेकडे, त्यामुळे दोघांच्या फेऱ्या जुळत नाहीत ही रड अमेरिकेतल्या अभियंत्यांचीही आहे. अधिकार कुणाचा, यावर घोडं अडणं हा काही खास भारतीय रोग नव्हे. फरक इतकाच, की तिथे कित्येक ठिकाणी लेखी करार करून एकाने दुसऱ्याचे सिग्नल चालवायला घेतले आहेत.

आपल्याकडचा गुंता जास्त आहे. पनवेल–इंदापूरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. त्यापुढे झारापपर्यंतचं काम सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. आडवा येणारा रस्ता कुठे दुसरा राष्ट्रीय महामार्ग, कुठे राज्य मार्ग, कुठे जिल्हा परिषदेचा, गावात शिरला की नगरपंचायतीचा. नियमनाला महामार्ग पोलीस वेगळे, जिल्ह्याची वाहतूक शाखा वेगळी. खांब एकाने उभा करायचा, वीजबिल दुसऱ्याने भरायचं, बंद पडला की तिसऱ्याने पत्र पाठवायचं. वेळा कुणी ठरवायच्या? बसवायला आलेल्या माणसाने पहिल्या दिवशी ज्या घातल्या, त्याच अनेकदा चालू राहतात. मेच्या शनिवारी संध्याकाळीही त्याच आणि ऑगस्टच्या मंगळवारी दुपारीही त्याच.

आणि तरीही जुळवून घेण्याची ही कला आपल्या पोलिसांना येते. गणपतीच्या दिवसांत ती दिसते. अवजड वाहनांना बंदी असते, नाक्यानाक्यावर बंदोबस्त असतो, आणि पुढचं गाव भरलं की मागच्या नाक्याला वायरलेसवर निरोप द्यायचा, तिथून गाड्या दमाने सोडायच्या, ही त्यांची जुनी रीत. पावसात प्लास्टिकची टोपी घालून उभा राहिलेला तो शिपाई एका हाताने मुंबईकडची लेन थोपवत असतो, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी, आणि पाठीमागून कुणीतरी विचारत असतं, साहेब, दापोली कुठून? तो जे करतो ते ऑफसेटच आहे. म्हणून ‘कोकणात सिग्नल कुणी पाळत नाही, पोलीसच बरा’ हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. पोलीस बराच, पण तो बारा तास उभा राहू शकत नाही, आणि दहा दिवसांनी बंदोबस्त उठला की त्याच्या डोक्यातलं वेळापत्रक त्याच्याबरोबर निघून जातं. अनंत चतुर्दशीनंतर ते कागदावर उतरवून घ्यायला कुणी येत नाही. येत असतं तर माणगाव, कोलाड, वडखळ यांच्यासाठी आजवर अनुभवाचं एक बाड तयार झालं असतं.

यावर उपाय म्हणून हल्ली ‘स्मार्ट’ सिग्नलचा प्रस्ताव येतो. कॅमेरे गाड्या मोजतील, संगणक वेळा बदलेल. मुंबईत, पुण्यात ठीक आहे. कोकणासाठी मी सबुरीने घेईन. रस्त्यात पुरलेली संवेदक तार पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्याबरोबर उखडते, आणि डांबर टाकणारा ठेकेदार तिची चौकशी करत नाही. मुसळधार पावसात कॅमेऱ्याला गाडी आणि पाण्याचा पडदा यातला फरक कळणं अवघड. खारी हवा जोडण्या खाते. आणि लाईट जाते. सिग्नल परत सुरू होतो तो आपलं घड्याळ शून्यावर घेऊन. दोन चौक वेगवेगळ्या फिडरवर, म्हणजे वेगवेगळ्या वीजवाहिन्यांवर, असतील तर दोघांचं जुळवलेलं गणित त्याच क्षणी मोडतं. त्यामुळे माझी पसंती साध्या व्यवस्थेला आहे: दोन्ही चौकांना एकच कंट्रोलर, त्याला बॅटरी, उपग्रहावरून वेळ घेणारं घड्याळ, आणि आधी ठरवलेली चार-पाच वेळापत्रकं. रोजची सकाळ, रोजची संध्याकाळ, शनिवार-रविवार, मे महिना, गणपती-शिमगा. संवेदक लावायचाच तर एकच, रॅम्पच्या टोकाला, आणि तो बंद पडला तर रॅम्पला जास्त वेळ मिळेल अशा बेताने. यात चमकदार काही नाही. उद्घाटनाची फीत कापायला तर मुळीच नाही. अडचण तीच असावी असा मला संशय आहे.

शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं का, हे वडखळला गेलं की कळतं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. २१.८ किलोमीटरचा हा पूल शिवडीहून चिर्ल्याला उतरतो, आणि वाशी-पनवेल वळसा घालण्यात जो वेळ जायचा तो वाचला. चांगलंच झालं. पण वाहतूक शहरात विखुरली जायची ती आता सलग लोंढ्याने पेण-वडखळच्या अंगावर येते. तिकडे वाचलेली मिनिटं इकडे नाक्यावर खर्च होतात. सागरी पुलाचा आराखडा करताना वडखळ नाक्याचे सेकंद कुणी मोजले असतील असं वाटत नाही. रविवारी संध्याकाळी हाच लोंढा उलटा. एकाच दिव्याची एकच वेळ या दोन्हीला पुरी कशी पडणार?

इथे एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, आणि तो गाववाल्यांचा आहे. सिग्नल जुळवा म्हणणारे लोक बहुधा गाडीत बसलेले असतात. हायवेवाल्याला सलग हिरवा मिळाला की आडव्या रस्त्यावरची एसटी, कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेली म्हातारी यांना सलग लाल मिळतो. पाहुणा सुसाट आणि घरचा उंबऱ्यावर. आक्षेप खरा आहे. चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला तर वीस मीटरांचा रस्ता ओलांडायला सतरा सेकंद लागतात, आणि डोक्यावर मासळीची टोपली असलेल्या बाईला त्याहून जास्त. ही सतरा सेकंदं कापून महामार्गाला देणारी व्यवस्था मला नको. फेरी १२० सेकंदांपलीकडे नेऊ नये असा वाहतूक अभियांत्रिकीत सर्वसाधारण संकेत आहे. गावाच्या नाक्यावर मी ९० वरच थांबेन. लांब फेरीत जास्त गाड्या निघतात हे खरं, पण दीड मिनिटाहून जास्त कुणाला थोपवलं की तो लाल मोडून जातो, आणि त्याला दोष देताना आपली जीभ अडखळते. एसटीचा थांबा तेवढा चौकातून शंभर मीटर मागे न्यायला हवा. थांब्यावर उभी राहिलेली एक गाडी एक अख्खी लेन खाते, आणि त्यावर कुठलंही वेळापत्रक चालत नाही. लोक ओरडतील, कारण मागे नेलेल्या थांब्याला बहुतेक वेळा शेड नसते.

‘सिग्नल कशाला, उड्डाणपूल बांधा’ हे दुसरं म्हणणं. त्यात मला फारसा दम दिसत नाही. पूल सरळ जाणाऱ्याची सोय करतो, उतरणाऱ्याची नाही. कणकवलीत पूल झाला, गोव्याकडची गाडी वरून निघून जाते, ते उत्तमच. पण कणकवलीतच काम असलेला माणूस खालीच आहे. चिपळूणला बहादूरशेख नाक्याच्या पुलाचा बांधकाम चालू असलेला भाग १६ ऑक्टोबर २०२३ रोजी कोसळला, मग रचना बदलली, काम लांबलं. इतकी वर्षं खालचा नाका गुहागर–विजापूर रस्त्याची वाहतूक कशीबशी पेलत राहिला. पूल होईपर्यंतचा काळ आपल्याकडे पंधरा-पंधरा वर्षांचा असतो आणि त्या काळासाठीही काही व्यवस्था असावी, हे कुणाच्या आराखड्यात बसत नाही.

मग करायचं काय? प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती आहे, जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात, सगळी खाती तिथे एका टेबलाला बसतात. बैठकीत बहुतेक वेळ अपघातप्रवण जागांच्या यादीवर आणि गतिरोधकांच्या मागण्यांवर जातो. त्याच टेबलावर प्रत्येक मोठ्या नाक्यासाठी एक कार्यालय नेमावं: रस्ता कुणाचाही असो, या नाक्याच्या सगळ्या दिव्यांच्या वेळा हेच कार्यालय ठरवेल आणि वर्षातून दोनदा, मेच्या आधी आणि गणपतीच्या आधी, तपासेल. बाकीच्यांनी सही करून तो अधिकार सोडावा. वेळा लोकांसमोर लावाव्यात, निदान त्या कोणी ठरवल्या हे कळावं. सिंधुदुर्गात झारापच्या झिरो पॉईंटला, कुडाळ पट्ट्यातल्या मिडलकटांवर, म्हणजे दुभाजकातल्या मोकळ्या वाटांवर, लोक वर्षानुवर्षं निवेदनं देत आले आहेत. निवेदन नेमकं कुणाला द्यायचं यातच त्यांची निम्मी ताकद जाते.

नव्या कामांत हे निविदेतच लिहिता येईल. माणगाव आणि इंदापूरचे बाह्यवळण रस्ते कितीतरी वर्षं रखडले. ते होतील तेव्हा माणगावाच्या दोन्ही टोकांना नवे नाके तयार होतील. ताम्हिणीतून उतरणारी पुण्याची गाडी, श्रीवर्धनला निघालेली मुंबईची गाडी आणि मोर्ब्याहून बाजाराला येणारी रिक्षा त्या नाक्यांवरच भेटतील. तिथे किती कंट्रोलर असतील, रॅम्पवर रांगेची खूण कुठे असेल, लाईट गेल्यावर घड्याळ कसं जुळेल आणि वेळा बदलायचा अधिकार कोणत्या खुर्चीकडे असेल, या चार ओळी काँक्रीटची जाडी जिथे लिहितात त्याच कागदावर आल्या पाहिजेत. काम पुरं झाल्यावर त्या घालता येत नाहीत, कारण तोवर ठेकेदार गेलेला असतो आणि चार खाती पुन्हा एकमेकांना पत्रं लिहीत बसलेली असतात.